विंडोज ७ वरचं लाइव्ह मेल सोडून विंडोज ११ वर जायचंय, जुनी १४ जीबी मेल कशी न्यावी?

कागदपत्र_मिरज

करसल्लागाराचं ऑफिस आहे. विंडोज ७ चा संगणक बदलून विंडोज ११ चा घेतलाय (५१२ जीबी एसएसडी). जुना अजून चालू आहे. त्यावर विंडोज लाइव्ह मेल २०१२ आणि त्यात दोन खाती:

१. जीमेल, आयमॅपनं (मेल सर्व्हरवरच राहते अशा पद्धतीनं) जोडलेलं.
२. आमच्या स्वतःच्या डोमेनचं, पॉपनं जोडलेलं. यातली मेल २०११ पासूनची आहे, ग्राहकवार फोल्डरं केलेली, काही फोल्डरांची नावं देवनागरीत. हीच १४ जीबी. होस्टिंगवाल्याकडे एका मेलबॉक्सला जागा फक्त २ जीबी.

लाइव्ह मेलमध्ये साडेसहाशे संपर्क आहेत, निम्म्याहून जास्त नावं मराठीत. सुरुवातीच्या वर्षांतली काही पत्रं युनिकोडमध्ये नसून जुन्या मराठी फाँटांत लिहिलेली आहेत.

नव्या मशीनवर कोणता प्रोग्राम घ्यावा? जुनी मेल फोल्डरांसकट कशी आणावी? त्या फाँटवाल्या पत्रांचं काय? जुनं काही गमवायचं नाही, नोटिसांची उत्तरं त्यातच आहेत.

इनबॉक्सवाला

प्रोग्राम कोणता, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तुमची मेल या घडीला प्रत्यक्ष कुठे पडलेली आहे. दोन्ही खात्यांचं उत्तर वेगळं आहे.

जीमेलची मेल गूगलच्या सर्व्हरवर आहे. लाइव्ह मेल नुसती त्याची खिडकी होती. नव्या मशीनवर खातं जोडलं की सगळं आपोआप दिसेल, निर्यात-आयात काही करायची नाही. फक्त जुन्या प्रोग्रामात 'स्टोरेज फोल्डर्स'खाली काही ओढून ठेवलं असेल तर ते गूगलकडे नाही, ते त्या डिस्कवरच आहे.

डोमेनची मेल पॉपनं उतरवलेली. पॉपचा मूळ व्यवहार म्हणजे सर्व्हरवरून उचलायची, संगणकावर ठेवायची आणि सर्व्हरवरची पुसायची. लाइव्ह मेलमध्ये खात्याच्या प्रॉपर्टीज → ॲडव्हान्स्डमध्ये 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन सर्व्हर' याला खूण आहे का बघा. २ जीबीच्या मेलबॉक्सात १४ जीबी मावत नाही, म्हणजे तुमची बहुतेक मेल त्या जुन्या डिस्कशिवाय जगात कुठेही नाही. तेव्हा कशालाही हात लावण्याआधी सी ड्राइव्ह → यूजर्स → तुमचं नाव → ॲपडेटा → लोकल → मायक्रोसॉफ्ट → विंडोज लाइव्ह मेल हा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून बाजूला ठेवा. ॲपडेटा लपवलेला असतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. कॉपी करताना लाइव्ह मेल बंद असू द्या.

आता प्रोग्राम. लाइव्ह मेल नव्या मशीनवर पुन्हा टाकायचा विचार मनात असेल तर सोडा. विंडोज इसेन्शियल्स २०१२ चा आधार १० जानेवारी २०१७ लाच संपला. त्याला ओऑथ ही आजची लॉगिन पद्धत कळत नाही. मायक्रोसॉफ्टनं आपल्या वैयक्तिक आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी साधा पासवर्ड टाकून जोडणं १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केलंय. जीमेल त्यात अजून चालतंय ते केवळ ॲप पासवर्डच्या (एखाद्या प्रोग्रामासाठी गूगलकडून काढलेल्या वेगळ्या पासवर्डच्या) आधारावर.

विंडोज ११ बरोबर येणारं नवं आउटलुक तुमच्या कामाचं नाही. त्यात ईएमएल (एका पत्राची एक) फाइलींचा मोठा साठा फोल्डरांसकट आत घ्यायची सोय नाही. शिवाय बाहेरचं आयमॅप खातं जोडलं की मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून फिरून येते. ग्राहकांची विवरणपत्रं असलेल्या ऑफिसनं हे माहीत करून घेऊनच ते वापरावं. ईएम क्लायंट चांगला आहे, पण त्याची फुकट आवृत्ती व्यावसायिक वापरासाठी नाही, परवाना घ्यावा लागेल.

तुम्हाला थंडरबर्ड. फुकट आहे, ऑफिसात चालतं, आणि मेल एमबॉक्स या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतं. पुढे ते सोडावंसं वाटलं तरी दुसरे प्रोग्राम ती फाइल वाचू शकतात. घेताना साइटवर 'ईएसआर' (क्वचित बदलणारी, दीर्घ आधाराची) आवृत्ती निवडा. मार्च २०२५ पासून तिथं आधी दर महिन्याला बदलणारी आवृत्ती पुढे केली जाते. तुम्हाला आयातीसाठी ॲड-ऑन लागणार आहे, आणि दरमहा बदलणाऱ्या आवृत्तीवर ॲड-ऑन अधूनमधून अडतात.

डेटा_दुरुस्ती_ठाणे

वरचा कॉपीचा सल्ला शंभर टक्के पाळा. पण आयातीसाठी तो कच्चा फोल्डर वापरू नका. लाइव्ह मेल डिस्कवर फोल्डरांची नावं कापून पुढे तीन अक्षरांचा संकेत चिकटवतं. 'स्टोरेज फोल'च्या पुढे काहीतरी आकडा असं दिसेल. तीच विचित्र नावं थंडरबर्डात जातील. ती कॉपी विमा म्हणून. कामासाठी निर्यात करा:

लाइव्ह मेलमध्ये वर डावीकडचा निळा मेनू → एक्सपोर्ट ईमेल → ईमेल मेसेजेस → 'मायक्रोसॉफ्ट विंडोज लाइव्ह मेल' → एक रिकामा फोल्डर दाखवा → ऑल फोल्डर्स.

दुसरा पर्याय 'मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज' असा दिसतो, तो घेऊ नका. पहिल्या पर्यायानं प्रत्येक पत्राची एक ईएमएल फाइल होते आणि फोल्डरांची रचना तशीच उतरते. १४ जीबीला बराच वेळ लागेल. मधे खिडकी गोठल्यासारखी दिसली तरी बंद करू नका, डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

एक गोष्ट निर्यातीत येत नाही. वाचलेलं-न वाचलेलं, लाल झेंडे, या खुणा ईएमएल फाइलीत नसतात. त्या लाइव्ह मेलच्या वेगळ्या डेटाबेस फाइलीत असतात. झेंडे लावून कामं बाकी ठेवायची सवय असेल तर निर्यातीआधी ती पत्रं 'बाकी' नावाच्या वेगळ्या फोल्डरात हलवा. फोल्डर निर्यातीत येतं, झेंडा येत नाही.

वाहतुकीत लोक तीन ठिकाणी अडकतात:

पेनड्राइव्ह. हजारो छोट्या फाइली एकेक करून पेनड्राइव्हवर टाकायला रात्र जाते, कारण प्रत्येक फाइलीमागे नोंद करण्याचा वेळ मोठा, मजकूर लिहिण्याचा छोटा. सगळ्यांची मिळून एक झिप करा. पण विंडोज ७ ची स्वतःची झिप देवनागरी नावांच्या फोल्डरांना नाही म्हणते. सेव्हन-झिप वापरा आणि कॉम्प्रेशन 'स्टोअर' ठेवा. जोडलेल्या पीडीएफ तशाही फारशा दाबल्या जात नाहीत, वेळ वाचतो.

फॅट-३२. बरेच पेनड्राइव्ह याच पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. जागा ६४ जीबी असली तरी 'फाइल फार मोठी आहे' असंच म्हणेल. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅट केल्यावर आतलं जातं, आधी रिकामा करा.

वनड्राइव्ह. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बहुतेक वेळा वनड्राइव्हला जोडलेलेच असतात. तुम्ही १४ जीबी डेस्कटॉपवर उघडली की ती वर चढायला लागते, फुकटची ५ जीबी भरते आणि मग सूचनांचा मारा सुरू होतो. फोल्डर थेट सी ड्राइव्हवर करा, नाव छोटं. छोटं अशासाठी की विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा आहे. फोल्डरात फोल्डर खोल असेल तर शेवटच्या फाइली मुकाट वगळल्या जाऊ शकतात.

पुणे३०_विनायक

एवढा खटाटोप कशाला? लाइव्ह मेलमध्येच जीमेलचं आयमॅप खातं आहे ना, जुनी फोल्डरं उचलून त्या खात्यात ओढून टाका. सगळं गूगलवर चढेल, नव्या मशीनवर आपोआप दिसेल, फोनवर पण.

डेटा_दुरुस्ती_ठाणे

विनायक, दोन-तीनशे एमबीसाठी ही युक्ती उत्तम आहे. १४ जीबीसाठी नाही. गूगल आयमॅपनं दिवसाला ५०० एमबीच वर चढवू देतं, त्यापुढे खातं काही काळ अडवलं जातं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी २८ दिवस. फुकट जागा १५ जीबी, तीसुद्धा ड्राइव्ह आणि फोटोंसकट. ती भरली की नवी मेल पाठवणाऱ्याकडे परत जायला लागते, आणि करविभागाचं पत्र परत गेलेलं कुणाला परवडणार? तिसरं, लाइव्ह मेलमध्ये 'हलवताना' मधेच जोडणी तुटली तर कोणतं पत्र इकडे राहिलं नि कोणतं तिकडे पोचलं हे शोधणं फार जिकिरीचं होतं. कधीही हलवू नका, कॉपी करा, मोजा, मगच मूळ पुसा.

शिवाय ही ग्राहकांची मेल डोमेनच्या खात्यातली आहे. ती खाजगी जीमेलमध्ये मिसळणं ऑफिसच्या शिस्तीलाही धरून नाही.

इनबॉक्सवाला

आता नव्या मशीनवरचा भाग. क्रम असाच ठेवा, कारण पॉपच्या खात्यात क्रम चुकला की दुहेरी मेल होते.

जुन्या मशीनवर शेवटचं 'सेंड-रिसीव्ह' करा, मग निर्यात, मग त्या मशीनची नेटची वायर काढा. दोन्हीकडे एकाच वेळी पॉप चालू राहिलं तर आज सकाळची तीन पत्रं जुन्यावर नि दुपारची दोन नव्यावर असं विखुरतं. दुसरं असं की कोणती पत्रं उतरवून झाली याची यादी प्रत्येक प्रोग्राम स्वतःजवळ ठेवतो. लाइव्ह मेलची यादी थंडरबर्डाला माहीत नसते. त्यामुळे सर्व्हरवर जे काही शिल्लक असेल ते सगळं तो नव्यानं आणतो.

डोमेनचं खातं या निमित्तानं आयमॅपवर न्या. पॉपचं खातं आयमॅपमध्ये 'बदलता' येत नाही, नवं जोडावं लागतं, आणि नव्या मशीनवर ते नवंच आहे. थंडरबर्ड स्वतः सेटिंग शोधतं. नाही सापडली तर हातानं: आयमॅप पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल-टीएलएस. पाठवण्यासाठी ४६५ (एसएसएल-टीएलएस) किंवा ५८७ (स्टार्ट-टीएलएस). पोर्ट २५ टाकू नका, बहुतेक इंटरनेट कंपन्या तो अडवतात. यूजरनेमला पूर्ण ईमेल पत्ता लागतो, नुसतं @ च्या आधीचं नाव बऱ्याच होस्टिंगवर चालत नाही. पासवर्ड आठवत नसेल तर लाइव्ह मेलमधल्या ठिपक्यांमागचा शोधण्यासाठी कुठलंही 'पासवर्ड रिव्हीलर' उतरवू नका. होस्टिंगच्या पॅनेलमधून नवा टाका.

जीमेल जोडताना गूगलची खिडकी उघडते, तिथं लॉगिन करून परवानगी द्यायची. खिडकी कोरी राहिली किंवा गोल फिरत राहिली तर थंडरबर्डाच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद असतात. त्या चालू करा. जीमेलमध्ये 'ऑल मेल' फोल्डरची सदस्यता काढून टाका (खात्यावर राइट क्लिक → सब्स्क्राइब). नाहीतर प्रत्येक पत्र एकदा इनबॉक्समध्ये नि एकदा ऑल मेलमध्ये उतरून डिस्कवर दुप्पट जागा खातं.

मग आयात. मेनू → ॲड-ऑन्स → 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी' शोधून टाका. डावीकडे 'लोकल फोल्डर्स'खाली 'जुनी मेल' असं फोल्डर करा. त्यावर राइट क्लिक → इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी → फोल्डरमधली सगळी पत्रं आयात करा, उपफोल्डरांसकट. सी ड्राइव्हवरचा निर्यातीचा फोल्डर दाखवा.

एका दमात १४ जीबी घेऊ नका. आधी एक छोटं फोल्डर, शंभर-दोनशे पत्रांचं. त्यातलं मराठी विषयाचं पत्र उघडा, पीडीएफ जोडलेलं उघडा, तारीख बघा. तारखेच्या रकान्यात पत्राची मूळ तारीख दिसायला हवी. सगळ्यांवर आजची दिसली तर रकाना 'डेट'ऐवजी 'रिसीव्ह्ड'चा आहे, रकान्यांच्या चिन्हावर क्लिक करून बदला. बरोबर निघालं की बाकीची फोल्डरं २-३ जीबीच्या गटांनी. मधे अडलं तर कोणत्या गटात अडलं ते लगेच कळतं.

सगळी पत्रं ठळक, न वाचलेली दिसतील. फोल्डर निवडून शिफ्ट-सी दाबलं की संपलं.

आयातीनंतर थंडरबर्ड शोधासाठी सूची बनवायला घेतं. पंखा जोरात फिरेल, मशीन जड वाटेल. रात्रभर चालू ठेवून द्या.

अक्षरजुळणी_नाशिक

जुन्या फाँटांबद्दल लिहितो, कारण इथं लोक घाईनं 'मेल खराब झाली' असं ठरवून पुसून टाकतात.

श्री-लिपी किंवा तशा जुन्या प्रणालीत लिहिलेलं मराठी खरं तर रोमन अक्षरांच्या संकेतांतच साठवलेलं असतं. फाँट त्या संकेतांवर देवनागरी आकार चढवतो. फाँट नसला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. पत्र शाबूत आहे, नुसता फाँट नाही.

जुन्या मशीनवर सी ड्राइव्ह → विंडोज → फाँट्समधून ते टीटीएफ काढा, नव्यावर राइट क्लिक → 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. फाँटचा परवाना तुमच्या ऑफिसकडे आहे ना तेवढं बघून घ्या, हे विकतचे फाँट असतात. मग थंडरबर्ड → सेटिंग्ज → जनरल → फाँट्स → ॲडव्हान्स्डमध्ये 'पत्रांना इतर फाँट वापरू द्या' याला खूण हवी. ही खूण नसली तर फाँट टाकूनही काला तसाच राहतो.

हे फक्त फाँटचं नाव सोबत घेऊन येणाऱ्या एचटीएमएल पत्रांना लागू. साध्या मजकुराच्या पत्रात फाँटचं नावच नसतं. असं पत्र वाचायचं असेल तर मजकूर वर्डमध्ये चिकटवून तो फाँट लावा. आणि एक मर्यादा ध्यानात ठेवा: या पत्रांत 'नोटीस' किंवा 'अपील' असं युनिकोडमध्ये शोधलं तर काहीही सापडणार नाही, कारण आतले संकेत वेगळे आहेत. महत्त्वाची पंचवीस-तीस पत्रं असतील तर परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा, पीडीएफ करून ग्राहकाच्या फोल्डरात ठेवा. मूळ पत्र तसंच राहू द्या. परिवर्तकात रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, आकडे नि नावं डोळ्यांखालून घाला.

युनिकोडमधलं पत्र बिघडलेलं दिसलं, म्हणजे डोक्यावर आडव्या-तिरप्या खुणा असलेली इंग्रजी अक्षरं दिसली, तर तो वेगळा रोग. पत्र पाठवणाऱ्या प्रोग्रामनं अक्षरसंच चुकीचा जाहीर केलेला असतो. व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा, बहुतेक वेळा सरळ होतं. तिथं सरळ झालं नाही नि जागोजाग प्रश्नचिन्हंच आहेत, तर मजकूर पाठवतानाच गेला, तो परत येत नाही.

आणखी एक. विंडोज ११ मध्ये मंगल फाँट आपोआप नसतो. निर्मला असतो. जुन्या वर्ड फाइली मंगलमध्ये असतील तर ओळी-पानं सरकतात. सेटिंग्ज → सिस्टीम → ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' घाला, मंगल त्यात आहे.

संपर्कसूची

साडेसहाशे संपर्कांसाठी लाइव्ह मेल → काँटॅक्ट्स → एक्सपोर्ट → सीएसव्ही. ती फाइल सर्वात आधी नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नाही. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर नावं त्या फाइलीत उतरलीच नाहीत, कोणताही फाँट ती परत आणणार नाही. मग व्हीकार्डनं निर्यात करून बघा. त्यात प्रत्येक संपर्काची वेगळी फाइल होते.

नोटपॅडमध्ये नावं नीट असतील तर तीच फाइल थेट थंडरबर्डात घ्या: ॲड्रेस बुक → इम्पोर्ट → सीएसव्ही. पुढच्या पडद्यावर कोणता रकाना कशाचा ते जुळवायचं असतं, तिथं घाई करू नका. 'पहिली ओळ शीर्षकांची आहे' याला खूण करा.

एक्सेलमधून फिरवायचा मोह आवरा. दुहेरी क्लिकनं उघडलं की युटीएफ-८ ची मराठी नावं बिघडतात आणि ९१ पासून सुरू होणारा बारा आकडी मोबाइल क्रमांक ९.१९ई+११ असा होतो. तसंच सेव्ह केलं तर शेवटचे आकडे कायमचे गेले. दुरुस्ती करायचीच असेल तर डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' घेऊन फोनचे रकाने 'टेक्स्ट' ठरवा आणि शेवटी 'सीएसव्ही युटीएफ-८' म्हणून सेव्ह करा.

फोनवरही संपर्क हवे असतील तर ती सीएसव्ही गूगल काँटॅक्ट्समध्ये चढवा. थंडरबर्डात जीमेल खातं जोडलं की तो पत्तापुस्तिका नि कॅलेंडर जोडायचं का विचारतो. हो म्हटलं की दोन्हीकडे एकच यादी राहते.

कागदपत्र_मिरज

सगळ्यांचे आभार. निर्यात झाली, संपर्क नोटपॅडमध्ये नीट दिसले आणि आत आले. तीन गोष्टी अडल्या आहेत.

एका ग्राहकाच्या फोल्डरात ईएमएल फाइली ४,८१२ आहेत, थंडरबर्ड ४,८०९ दाखवतं. डोमेनचं खातं जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचं आहे असा इशारा येतो, 'एक्सेप्शन' दाबू का? आणि आयमॅप केल्यावर २ जीबी वर्षभरात भरेल, मग?

डेटा_दुरुस्ती_ठाणे

तीन फाइलींचं: तो निर्यातीचा फोल्डर एक्सप्लोररमध्ये आकारानं लावा. बहुधा ० केबीच्या तीन सापडतील. पूर्वी कधी उतरवताना नेट तुटलं की अशी रिकामी फाइल राहते, तिच्यात काही नसतं. ० केबीच्या नसतील तर पत्त्याची लांबी बघा. तो फोल्डर थेट सी ड्राइव्हवर एका अक्षराच्या फोल्डरात कॉपी करून तेवढाच पुन्हा आयात करा. मोजण्याआधी थंडरबर्डात वरचं 'क्विक फिल्टर' बंद आहे ना ते बघा. 'अनरेड'ची चाळणी चालू राहिली तर यादी अपुरी दिसते.

मोजणी प्रत्येक फोल्डरची करा. कंटाळवाणं आहे, पण जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिलं मेलमधूनच येत असतील तर ही मोजणी ऑफिसचं काम आहे, संगणकाचं नाही.

इनबॉक्सवाला

प्रमाणपत्राचं: एक्सेप्शन दाबू नका. स्वस्त होस्टिंगवर शेकडो डोमेन एकाच सर्व्हरवर असतात आणि प्रमाणपत्र त्या सर्व्हरच्या नावाचं असतं. तुम्ही 'मेल डॉट तुमचं डोमेन' टाकलंय, म्हणून नाव जुळत नाही. इशाऱ्यात 'व्ह्यू' दाबून प्रमाणपत्रावरचं नाव बघा आणि ते होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दिलेल्या सर्व्हरच्या नावाशी ताडा. जुळलं तर येणाऱ्या नि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरच्या जागी तेच नाव टाका, इशारा जाईल. जुळलं नाही तर पासवर्ड न टाकता होस्टिंगवाल्याला फोन करा. एकदा एक्सेप्शन दाबून ठेवलं की उद्या खरोखर कुणी मधे बसून वाचत असलं तरी इशारा येणार नाही.

२ जीबीचं: सर्व्हरवर चालू वर्ष ठेवा, मागचं स्थानिक डिस्कवर. अकाउंट सेटिंग्ज → कॉपीज अँड फोल्डर्स → अर्काइव्ह्जमध्ये जागा 'लोकल फोल्डर्स' निवडा. मग पत्रं निवडून 'ए' दाबलं की ती वर्षवार फोल्डरात जातात. ही वर्षं जानेवारी ते डिसेंबर अशी धरली जातात, एप्रिल-मार्च नाही. आर्थिक वर्षाप्रमाणे हवं असेल तर 'आर्थिक वर्ष २०२४-२५' असं फोल्डर हातानं करून तारखेच्या चाळणीनं पत्रं तिथं कॉपी करा, मोजा, मग सर्व्हरवरची पुसा. आयमॅप खात्यातून कॉपी करण्याआधी त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑफलाइन वापरासाठी' खूण करून सगळी पत्रं पूर्ण उतरू द्या.

एक फोल्डर ४ जीबीच्या पुढे वाढू देऊ नका. थंडरबर्डाला चालतं, पण एमबॉक्समध्ये अख्खं फोल्डर म्हणजे एकच फाइल. त्यात पुसलेलं पत्र 'काँपॅक्ट' करेपर्यंत आतच राहतं, आणि काँपॅक्ट करताना तेवढीच मोकळी जागा डिस्कवर लागते. मधे वीज गेली तर धोका त्या एका फाइलीला. याच कारणानं अँटिव्हायरसमध्ये थंडरबर्डाचं प्रोफाइल फोल्डर (जिथं तो मेल नि सेटिंग ठेवतो) वगळा. एका पत्रात विषाणू सापडला म्हणून अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्सची फाइल उचलून कोठडीत टाकतो, आणि सकाळी इनबॉक्स रिकामा. जोडलेली फाइल तुम्ही उघडाल किंवा सेव्ह कराल तेव्हा ती तपासली जातेच.

आता बॅकअप, कारण लोकल फोल्डर्समधली मेल पुन्हा एकाच डिस्कवर आली आहे. हेल्प → ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन → प्रोफाइल फोल्डर → ओपन फोल्डर. दिसलेली जागा लिहून ठेवा, थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. दर शनिवारी काम संपल्यावर, दोन डिस्कवर आलटून पालटून. टूल्समध्ये 'एक्सपोर्ट' आहे, पण तो २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइलसाठी, तुम्हाला उपयोगाचा नाही. प्रोफाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात मात्र ठेवू नका. चालू फाइल तो मधेच उचलायला जातो आणि सूची बिघडते.

अक्षरजुळणी_नाशिक

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. निदान एक आर्थिक वर्ष संपून विवरणपत्रं भरून होईपर्यंत काढून ठेवा. बाहेर जोडायची झाली तर साटा-यूएसबी जोडणी मिळते. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलीच घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. यूजर्स फोल्डर उघडताना परवानगी नाही असं म्हणेल, 'कंटिन्यू' दाबा, थोडा वेळ घेऊन उघडतं. आणि जुन्या फाँटांची टीटीएफ वेगळ्या फोल्डरात काढून मेलच्या बॅकअपशेजारीच ठेवा.